मोकळी जागा असलेलं गाणं

नावन, काउंटी मीथ, आयर्लंड
८ मार्च

प्रिय दादा,



तू पाठवलेलं भावगीत तुझ्या भाचीनं शाळेच्या व्हिडिओसाठी का घेतलं नाही, हे तू जरा रागानंच विचारलंस. गाणं तिला फार आवडलं, गाडीत अजूनही तेच चालू असतं. पण ते काठोकाठ भरलेलं आहे. शब्द बोलतात, दोन ओळींमधली सतार बोलते, सतार थांबली की बासरी. तिथे चित्रानं करायचं काय? कवितेतला पाऊस पडद्यावर पुन्हा पाडायचा, एवढंच उरतं. १९३७च्या ‘कुंकू’ चित्रपटात व्ही. शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, हे तूच आम्हाला कौतुकानं सांगायचास. आपल्या चित्राला किती आवाज लागतो, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

दुसरं कारण रोकडं आहे. इथे शाळेत ज्युनिअर सायकलनंतर ‘ट्रान्झिशन इयर’ असतं, परीक्षेचा ताण नसलेलं. त्यात तिच्या गटाला अडीच मिनिटांपर्यंतचा म्युझिक व्हिडिओ करायचा आहे, आणि शिक्षिकेची अट अशी की संगीताची लेखी परवानगी हवी. मग कळलं की गाण्याचे हक्क दोन प्रकारचे असतात: शब्द-चालीचे वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे. इथल्या २०००च्या कायद्यानं रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं त्याचे हक्क राहतात. तुझ्या भावगीतासाठी कवीचे वारस, संगीतकार आणि रेकॉर्ड कंपनी अशा तिन्ही दारांवर थाप मारावी लागली असती.

उपाय घराजवळच निघाला. टर्लो ओ’कॅरोलन हा अंध हार्पवादक १६७० मध्ये याच काउंटीत, नॉबरजवळ जन्मला. देवीनं तरुणपणीच डोळे गेले. मग घोड्यावरून गावोगाव, वाड्यावाड्यांवर जायचा आणि यजमानाच्या नावानं चाल बांधायचा. १७३८ मध्ये तो गेला, त्यामुळे चाली आता सगळ्यांच्या. मात्र त्या चालींच्या आजच्या सीडी कुणाच्या तरी आहेतच. म्हणून वर्गातल्या एका मुलानं टिन व्हिसलवर त्यातली एक चाल वाजवली आणि गटातल्या मुलांनीच ती मुद्रित केली. त्याची आणि त्याच्या आईवडिलांची सही घेतली, काम झालं.

आता खरी गंमत ऐक. चालीचे दोन भाग, प्रत्येक दोनदा वाजवायचा, की एक फेरी पुरी होते, साधारण ३५ सेकंदांची. त्यानं सहा फेऱ्या वाजवल्या, म्हणजे साडेतीन मिनिटं. दोन काढायच्या. मुलांनी मधल्या काढल्या, तर जोडावर चाल एकदम पळायला लागली, कारण मेट्रोनोमशिवाय वाजवताना तो हळूहळू वेग घेत गेला होता. शेवटच्या काढाव्यात, तर समारोपाचा लांबवलेला सूर जातो. अखेर पहिल्या दोन काढायचं ठरलं. कुणीतरी तिसऱ्या फेरीच्या बरोबर पहिल्या ठोक्यावर कापलं. घड्याळानं अचूक, कानाला लंगडं.

तेव्हा तुझी भाची म्हणाली, “मुखडा समेच्या आधी उठतो.” सहाच्या चालीची ती धून तिच्या कानाला दादराच वाटत होती. समेआधीची सुरांची छोटी उचल कापण्यात गेली होती. तिनं कात्री त्या उचलीच्याही मागे, व्हिसलवाल्याच्या श्वासापाशी नेली. ध्वनीची लाट शून्यावर येते तिथे कापलं, म्हणजे ‘टक्’ होत नाही. मागच्या फेरीच्या सुराची शेपटी उरली होती, तिच्यावर आवाज हलकेच चढवत आणला. आता व्हिडिओ श्वासानं सुरू होतो आणि पहिलं दृश्य समेवर उघडतं. तू दर रविवारी स्क्रीनवरून तिच्याकडून ‘धा धी ना, धा ती ना’ घोटून घेतोस, त्याचं हे फळ. व्हिडिओत मराठीचा एक शब्द नाही म्हणून तू हळहळलास. पण ती सुरुवात ज्या कानानं साधली तो कान आपल्या घरचा आहे, आणि मला तेवढं पुरे आहे.

चित्रीकरण बॉइन नदीकाठच्या रॅम्पार्ट्सच्या वाटेवर झालं. वाऱ्यानं माइकचा सगळा आवाज खाल्ला. वाऱ्याचा जोर ० ते १२ आकड्यांत मांडणारा ब्यूफोर्ट १७७४ मध्ये याच गावात जन्मला, ते काही उगीच नव्हे! पावलांचे आवाज मग आमच्या मागच्या अंगणात खडी पसरून घेतले. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये संगीत क्षणभर थांबतं, तिथे फक्त तीच पावलं आहेत. तुझ्या भावगीतात ही जागा कुठून काढली असती?

एक काम आहे. शेवटच्या फेरीखाली तिला तुझा दादरा हवा आहे, अगदी साधा ठेका, तिहाई नको. डग्गा हलका ठेव. फोनवर नको, नीट माइक लावून मुद्रित कर. आणि सोबत सहीचं परवानगीपत्र पाठव. मामा असलास तरी शिक्षिका त्याशिवाय घेणार नाहीत.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी