एक्सपीचा कारभार

ज्या छापखान्यात मी उभी हयात मुद्रितशोधनात घालवली, त्याच्या मालकांनी माझ्या निवृत्तीनंतर एका जुनाट संगणकाची देखभाल माझ्याकडे सोपवली, तेव्हा भंगारवालाही ज्याला हात लावणार नाही अशा यंत्राचा एवढा बंदोबस्त कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांना पडला. उत्तर सरळ होते. त्या यंत्रावर विंडोज एक्सपी होती, एक्सपीवर पेजमेकर होते आणि पेजमेकरमध्ये आमच्या अनेक ग्रंथांचा जुळवलेला मजकूर होता. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फाँटांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडावी, तर मराठी गद्याऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थशून्य गुंता पदरी पडतो. शिवाय आमच्याकडील टंकलेखनाचे सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टमध्ये लॉक खोचल्यावाचून सुरू होत नसे, आणि हल्लीच्या संगणकांना बहुधा ते पोर्टच नसते.

२००१ साली आलेल्या एक्सपीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. त्यानंतर सापडलेल्या छिद्रांची डागडुजी नेमाने होत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरातील दप्तरे ओलीस धरली, तेव्हा मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती प्रसृत करावी लागली. परंतु अशा अपवादांच्या भरवशावर कारभार चालत नाही. म्हणून कार्यभार हाती येताच मी प्रथम नेटवर्कची केबल काढली, आणि मागाहून कोणाला मोह होऊ नये म्हणून बायोसमध्ये नेटवर्क कार्डही बंद केले.

केबल काढली तरी पेनड्राइव्हची वाट उघडीच राहते, आणि डीटीपीच्या धंद्यात रोगराई बहुतेक तिच्याच मार्गे येते. तेव्हा बाहेरचा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी अद्ययावत संगणकावर तपासावा, एक्सपीमधील ऑटोरन बंद करावे आणि रोजचे काम ॲडमिनिस्ट्रेटरच्या नव्हे, तर मर्यादित अधिकारांच्या खात्यातून करावे, असा दंडक मी घातला. ऑपरेटर प्रारंभी कुरकुरले, पण पुढे तो त्यांच्या अंगवळणी पडला.

यंत्राच्या देहाची चिंता मात्र निराळी. घड्याळ मागे पडू लागले, तारीख जुनीच दिसू लागली, की मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदलावा. अन्यथा फाइलींवर खोट्या तारखा चढतात आणि बायोसच्या नोंदीही पुसल्या जातात. पंख्यातील धूळ काढावी, आणि कपॅसिटरांचे माथे फुगलेले नाहीत ना, याची नजरेने खातरजमा करावी. हार्ड डिस्क खरखरू लागण्याची वाट न पाहता संपूर्ण डिस्कची इमेज घेऊन तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. कारण नुसत्या फाइली नकलल्या, तर फाँट, प्रिंटर ड्रायव्हर आणि मांडणी हे सारे मागे राहते. दुसऱ्या यंत्रावर एक्सपी बसवताना निळा पडदा आला, तर बायोसमध्ये डिस्कची पद्धत एएचसीआयऐवजी आयडीई करून पाहावी; पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

पुढे मी नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स घालून त्यात एक्सपी उभी केली. तेथे लॉक ओळखले जाईना, म्हणून नवे टंकलेखन अशक्य झाले. परंतु फाँटच्या फाइली नेल्यामुळे जुनी पाने वाचता आली आणि त्यांच्या पीडीएफही करता आल्या. युनिकोडमध्ये रूपांतर करताना मात्र माझा जुना पेशा पुन्हा कामी आला. त्या फाँटांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जात असल्याने परिवर्तक नेमका तेथेच अडखळतो, आणि अशा मजकुराला मूळ छापील पानाशी ताडून पाहणारा मुद्रितशोधकच लागतो.

ज्यांच्या कचेरीत असे यंत्र अद्याप तग धरून असेल, त्यांनी ते अवश्य जपावे. परंतु त्या जपणुकीने मिळते ती केवळ मुदतवाढ, हे ध्यानी ठेवून, यंत्र सुरू होत आहे तोवरच त्यातील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम हाती घ्यावे, आणि आरंभ त्या पुस्तकापासून करावा, ज्याची छापील प्रत आता मिळेनाशी झाली आहे.