टक्का कशाने चढला?

'२०२४ वायआर४' या जेमतेम साठ मीटरच्या लघुग्रहाच्या बातम्यांत मुंबईचे नाव आले, ते उगीच नव्हे. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळलाच, तर कुठे आदळेल याचा एक अरुंद पट्टा शास्त्रज्ञांनी आखला होता. पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया. मुंबई त्या पट्ट्यात येत होती. त्यात धडकेच्या शक्यतेचा आकडाही चढत गेला: जानेवारी २०२५ च्या अखेरीस एक टक्क्याच्या वर, १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के.

दोनच दिवसांनी तो ०.२८ टक्क्यांवर आला आणि २४ तारखेला ०.००४ वर.

हे पाहून शास्त्रज्ञांचे काहीतरी चुकले असावे, असे कुणालाही वाटेल. पण हिशेब पहिल्यापासून बरोबर होता, आणि टक्का चढणे हा त्या हिशेबाचाच भाग होता.

हा लघुग्रह जवळजवळ चार वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. कक्षा चांगलीच लांबट: एक टोक पृथ्वीच्या कक्षेच्या आत, दुसरे सूर्य-पृथ्वी अंतराच्या चौपटीहून थोडे पलीकडे. फेरी चार वर्षांची, म्हणून २०२४, २०२८ आणि २०३२ च्या डिसेंबरात तो पृथ्वीच्या वाटेवर येतो. २७ डिसेंबर २०२४ रोजी तो चिलीतील रिओ हुर्तादो येथील 'ॲटलास' दुर्बिणीला सापडला. ही दुर्बीण आकाशाच्या एकेका तुकड्याची तीस-तीस सेकंदांची चार छायाचित्रे तासाभरात घेते. तारे जागच्या जागी असतात. एखादा ठिपका चारही चित्रांत थोडा थोडा सरकलेला दिसला की संगणक तो वेगळा काढतो. अशा ठिपक्यांच्या जागा जोडून कक्षा ठरवायची. सुरुवातीला हाती कक्षेचा अगदी छोटा तुकडा असतो. फेरीच्या काळात तासाभराची चूक राहिली, तर दोन फेऱ्यांनंतर ती दोन तासांची होते, आणि पृथ्वी तर तासाला एक लाख किलोमीटरहून अधिक पुढे जाते.

म्हणून लघुग्रहाची जागा एका बिंदूत सांगता येत नाही, शक्य जागांची लांबलचक पट्टी सांगावी लागते. समजा, ती १२ लाख किलोमीटरची आहे, तिच्यावरची प्रत्येक जागा सारखीच शक्य आहे आणि १२,७५६ किलोमीटर व्यासाची पृथ्वी तिच्यात आहे. पृथ्वीचा वाटा साधारण एक टक्का. नव्या निरीक्षणांनी पट्टी चार लाखांवर आली आणि पृथ्वी अजून तिच्यातच असली, तर वाटा तीन टक्क्यांच्या वर जातो. लघुग्रह मात्र आपल्या जुन्याच वाटेने चाललेला असतो. पुढे पट्टी आणखी आखडते, पृथ्वी तिच्याबाहेर पडते आणि टक्का एकदम कोसळतो. १२ फेब्रुवारीच्या पौर्णिमेच्या उजेडात हा मंद ठिपका टिपणे कठीण झाले होते. चंद्रप्रकाश ओसरल्यावर नवी मोजमापे आली आणि निकाल लागला.

पृथ्वी सुटली, पण चंद्र पट्टीत राहिला. मग त्याचा टक्का चढू लागला: फेब्रुवारीत १.७, जून २०२५ मध्ये ४.३. कारण तेच.

या गदारोळात खरी काळजीची गोष्ट बाजूला पडली. सापडण्याच्या दोन दिवस आधी, २५ डिसेंबरलाच, हा लघुग्रह सुमारे आठ लाख किलोमीटरवरून निघून गेला होता. तो सूर्याच्या बाजूने आला, आणि त्या बाजूला जमिनीवरच्या दुर्बिणी आंधळ्या असतात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेली वीसेक मीटरची शिळाही सूर्याच्याच दिशेने आली होती. आगाऊ सूचना कुणालाच मिळाली नाही. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, त्यांतली बरीचशी फुटलेल्या काचांनी.

नासाची 'निओ सर्व्हेयर' ही अवरक्त दुर्बीण याचसाठी तयार होत आहे. पृथ्वीपासून सूर्याकडे १५ लाख किलोमीटरवर राहून ती सूर्यापासून ४५ अंशांपर्यंतचे आकाश तपासेल. लघुग्रहांपासून बचावासाठी जो पैसा आहे, तो सर्वांत आधी अशा दुर्बिणींवरच खर्च व्हायला हवा.