मातीची पाखरं

मागच्या रब्बीत मी एकरभर जवारी पेरली. मालदांडी. गावात त्याचा बोभाटा झाला. पारावर बसलेल्या एकानं विचारलंच, "काहो दादा, पाखराईसाठी पेरून रायले काय?" सगळे हसले. मीही हसलो.

पण तो खोटं बोलत नव्हता. रिसोड तालुक्यातल्या आमच्या शिवारात एके काळी जिकडं पाहावं तिकडं जवारी असायची. खरिपात हायब्रीड, जोडीला कपाशी अन् तूर, रब्बीत गावरान नाहीतर मालदांडी. पाखरं तेव्हाही येत होती. पोपट, चिमण्या, पारवे, अन् थंडीत हजारांनी उतरणाऱ्या भोरड्या. पण ती सगळ्या शिवारात वाटली जायची. कुणाचं पायलीभर जाई, कुणाचं दोन पायल्या. शंभर घरी जेवणारे पाहुणे एकाच घरी उतरले तर त्या घराचं काय होईल? आता जवारी पेरणाऱ्याचं तेच होतं. शिवारभर सोयाबीन निघून हरभरा उभा असतो, अन् मधे एका एकरात कणसं दिसतात. दहा कोसांची पाखरं तिथंच.

सोयाबीन आमच्याकडं नव्वदीनंतर जोरात आलं. शंभर दिवसांचं पीक, रोख पैसा, राखणीची कटकट नाही, मळणी यंत्र आणलं की दिवसात घरात. ते पेरण्यात वावगं काही नव्हतं, पोरांची शिक्षणं त्यावरच झाली. पण जवारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तसे बैल गेले. २०२३ साल संयुक्त राष्ट्रसंघानं भरडधान्याचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेही आपल्याच देशाच्या मागणीवरून. शहरातले लोक जवारीची भाकर औषधासारखी खाऊ लागले. इथं मात्र आमच्या घरची भाकर विकतच्या जवारीची. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता अन् बाजारात त्याच्याही खाली मागत होते. तेव्हा मी ठरवलं, एक एकर तरी घरच्या तोंडासाठी अन् दोन बैलांसाठी पेरायचं.

पेरणं सोपं. राखण अवघड. डिसेंबर सरता सरता कणसात दूध भरू लागलं अन् पाखरांनी ठिकाणा धरला. मी माळा बांधला. चार बल्ल्या, वर फळ्या, त्यावर पोतं. पण माझं वय साठीच्या पुढं. सकाळी दिवस निघायच्या वेळी अन् दुपारी चारनंतर, या दोन वेळा पाखरं चरायला येतात. नेमकं तेव्हाच बैलांचं अन् दूधदुभत्याचं काम. रोजानं माणूस पाहिला. तो म्हणाला, "दादा, काम सांगा, करतो. पन गोफन मले येत नाई." त्याचं वय पस्तीस. त्यानं गोफण हातात धरलीच नव्हती, तर त्याला तरी काय बोलायचं?

ज्यांनी गोफण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन दोऱ्या अन् मधे विणलेली हाताच्या तळव्याएवढी झोळी. पूर्वी अंबाडीच्या वाखाची करत, आता सुतळीची. एका दोरीच्या टोकाला फासा, तो बोटात अडकवायचा. दुसरी दोरी त्याच मुठीत नुसती धरायची. झोळीत गोटा ठेवून डोक्यावरून फिरवायची अन् नेमक्या क्षणी ती दुसरी दोरी सोडायची. गोटा सुटतो अन् मोकळ्या टोकाचा झुपका फाडकन वाजतो. अर्धं काम तो आवाजच करतो. आमचे वडील चिखलाचे गोळे वाळवून ठेवत. दगड वावरात साचले तर डवऱ्याला अन् विळ्याला आडवे येतात, मातीचा गोळा पावसात पुन्हा माती होतो. शाळेत जायच्या आधी तासभर अन् आल्यावर दिवस बुडेपर्यंत मी माळ्यावर असे. पाढे मी तिथंच पाठ केले. दहावीची तयारीही तिथंच केली.

आता पैजेचं सांगतो. ही कल्पना माझी नव्हे, पुतण्याच्या पोराची. पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलीत कांस्यपदक आणलं, १ ऑगस्ट २०२४ ला. रेल्वेत टीसी असलेला पोरगा. त्या दिवसापासून आमच्या पोराला नेमबाजीचं येड लागलं. त्याच्या मोबाईलवर मी एक वेगळाच खेळ पाहिला. पुढं खड्ड्यात यंत्र बसवलेलं. नेमबाजानं हाक दिली की त्यातून एक नारिंगी ताटली भुर्रकन उडते, डावीकडं जाईल की उजवीकडं हे त्याला ठाऊक नसतं. छऱ्याची बंदूक उचलायची अन् ती हवेत फोडायची. ताटली ११० मिलिमीटर रुंद, वजन १०५ ग्रॅम, चुनखडी अन् डांबरासारख्या पदार्थाची. तरी तिला म्हणतात मातीचं कबुतर! आपल्या राज्यवर्धन राठोडांनी २००४ साली अथेन्सला याच जातीच्या खेळात रौप्य मिळवलं. त्याच्याही आधी बिकानेरचे महाराजा करणी सिंह १९६२ ला जागतिक स्पर्धेत दुसरे आले होते. अन् पॅरिसला आपल्या जोडीचं कांस्य चीनपुढं फक्त एका ताटलीनं गेलं, ४४ विरुद्ध ४३.

मी पोराला विचारलं, "याले कबुतर काऊन म्हनतात रे?" त्यानं शोधून सांगितलं. आधी खरीच कबुतरं पेटीतून सोडत अन् मारत. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येसुद्धा तसा खेळ झाला, शेकडो पाखरं मेली. पण त्याच्याही वीसेक वर्षं आधी अमेरिकेत लिगोवस्की नावाच्या माणसानं मातीची ताटली काढली होती. पुढं खरं कबुतर सुटलं, नाव तेवढं राहिलं.

हे ऐकून पोरगा म्हणाला, "आबा, आपन गोफनीवर लावू. संक्रांतीची सुगडी उरतातच." मला वाटलं, पैजेच्या निमित्तानं निदान कळेल तरी, की गावात कुणाच्या हातात अजून गोफण जिवंत आहे. मला राखणदार पाहिजे होता. बक्षीस मी लावलं. दहा किलो मालदांडीचं बियाणं.

१५ जानेवारी, करीचा दिवस. करीला कुणी नवं काम काढत नाही, त्यामुळं गाव मोकळंच होतं. पाझर तलावाच्या भिंतीकडं तोंड करून जागा धरली, म्हणजे गोटा सुटला तरी भिंतीत जाईल. कुंभारदादानं तडा गेलेली, कोर उडालेली सुगडी टोपलंभर दिली. निवृत्त गुरुजी पंच झाले. चौदा जणांनी नावं दिली. सहा म्हातारे, सात तरणे, अन् चौदावं नाव कळल्यावर हशा पिकला. आमच्या भावकीतली मोठीमाय. वय पंचाहत्तरीच्या पुढं, कमरेत वाकलेली.

मी विचारलं, "मोठीमाय, हात चालते काय अजून?"

"हात नाई चालत बाप्पा," ती म्हणाली, "गोफन चालते."

पहिल्या फेरीत बांबूवर पालथी घातलेली पाच सुगडी, तीस पावलांवरून पाच गोटे. तरण्या पोरांचा जोर मोठा, पण गोटे कुठल्या कुठं. एकाचा तर मागं गेला अन् लोक पळाले. त्यानंतर गुरुजींनी सगळ्यांना मागं वीस पावलं हटवून बसवलं. ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका पोरानं मात्र तीन फोडली. मी दोन. मोठीमायनं दोन.

दुसऱ्या फेरीत बाभळीच्या फांदीला दोरीनं टांगलेलं गाडगं झुलवलं, तीन गोटे. इथं ट्रॅक्टरवाल्याचे तीनही वाया गेले. तो गाडगं जिथं दिसे तिथं मारी अन् गोटा पोचेस्तोवर गाडगं पुढं गेलेलं असे. त्या ताटलीच्या खेळातही हेच असतं, असं पुतण्याचं पोरगं ओरडून सांगत होतं. ताटली आहे तिथं नाही, ती जाणार आहे तिथं मारायचं. माझं एक फुटलं. मोठीमायनं दोन फोडली. तिनं गोफण दोनच फेरे फिरवली, आम्ही चार-पाच फिरवतो. आता माझे तीन झाले, तिचे चार, ट्रॅक्टरवाल्याचे तीनच राहिले.

तिसरी फेरी उडत्या सुगड्याची. भिंतीच्या आडोशाला बसलेला माणूस हाक दिली की सुगडं वर फेकणार. प्रत्येकाला तीन. चौदा जणांत बेचाळीस सुगडी उडाली अन् जमिनीवर पडूनच फुटली. फक्त माझ्या दुसऱ्या गोट्यानं एकाची कोर उडवली. "लागलं का नाई?" यावर वाद झाला. पोरगं मोबाईल घेऊन पुढं आलं. ताटलीच्या खेळात दिसेल एवढा तुकडा उडाला तरी लागलं धरतात. गुरुजींनी तेच धरलं. मी चारावर आलो.

मोठीमायची पाळी शेवटी होती. तिचे तीन गोटे मी भिंतीला जवळून पाहिले. तीनही सुगड्याच्या पुढून गेले, वीतभर अंतरानं, एकसारखे. लोक हळहळले. गुरुजी म्हणाले, "हुकले."

"हुकले कुठं?" मोठीमाय म्हणाली. "पाखरू असतं तं मुरडलं असतं न बाप्पा. पाखराच्या अंगावर नाई मारा लागत. त्याच्या तोंडापुढून न्या लागते. मारलं तं एक मरते, मुरडलं तं सारा थवा जाते."

कुणीच बोललं नाही. मला वडिलांची आठवण झाली. तेही म्हणत, पाखरू उठवायचं, पाडायचं नाही. भोरड्या कणसं खातात तशा टोळ अन् अळ्याही खातात, हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, वावरात पाहिलं होतं.

गुरुजी नियमाचे माणूस. त्यांनी चार-चार बरोबरी सांगितली अन् बियाणं अर्धं अर्धं केलं. माझ्याच घरचं पाच किलो माझ्याच हातात आलं. मोठीमायनं तिची पिशवी उचलली, अन् मग माझ्या पुढं ठेवली.

"मले कुठं वावर हाय आता?" तिचं दोन एकर घरातल्या आजारपणात कधीच विकलं गेलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. "माया वाटा तुयाच वावरात पेर. यंदाची राखन मी करीन. पन रोज घेईन. फुकटात नाई."

मला राखणदार पाहिजे होता, तो असा मिळाला. गावात थोडी कुजबुज झाली, या वयात म्हातारीला माळ्यावर चढवतो म्हणून. मी तिला म्हटलं, बांधावर बस. ती म्हणाली, बांधावरून कणसावरचं पाखरू दिसत नाही. सकाळी मी तिला हाताला धरून वर चढवी, नऊला उतरवी. दुपारी पुन्हा. सोंगणीपर्यंत एक दिवस खाडा नाही. शाळा सुटली की गल्लीतल्या तीन पोरी तिच्याकडं येऊ लागल्या. एक सातवीतली, दोन पाचवीतल्या. ती त्यांना आधी गोटा न घालता रिकामी गोफण फिरवायला लावी, आवाज नीट निघेपर्यंत. मग मातीचे गोळे. दगड शेवटपर्यंत दिला नाही.

एकरात साडेचार क्विंटल जवारी झाली. पाखरांनी खाल्ली नाही असं नाही. माळ्याच्या विरुद्ध कोपऱ्यातली कणसं निम्मी रिकामी होती. मोठीमायला ते दाखवलं तर म्हणाली, "तेवढं त्याईचं." कडब्यानं बैलांचा उन्हाळा निघाला. तिचा रोज मी दर आठवड्याला दिला, अन् सोंगणीनंतर दोन पायल्या जवारी घरी पोचवली. ती तिनं मोजून घेतली.

पारावर हसणाऱ्यांपैकी दोघं उन्हाळ्यात घरी आले. एकानं हळूच विचारलं, बियाणं उरलं काय? आम्ही बसून हिशेब केला. मी एकटा पेरतो तर सगळी पाखरं माझी. चौघांनी लागून-लागून पेरलं तर पाखरं तेवढीच, वाटे चार, माळा एक अन् राखणदाराचा रोजही चौघांत. आता चौघांचं मिळून सहा एकर ठरलं आहे. बियाणं राखेत घालून, कडुनिंबाचा पाला टाकून कणगीत ठेवलं आहे. मोठीमायच्या वाट्याचे पाच किलो वेगळ्या मडक्यात आहेत.

परवा तिला विचारायला गेलो, यंदा जमेल काय म्हणून. ती दारात बसून सुतळी वळत होती. बाजूला तीन लहान गोफणी तयार होत्या. वर न पाहता म्हणाली, "जमते. पन यंदा माळ्याले शिडी लाव. त्या बल्लीवर पाय ठरत नाई."