अप्लाय दाबत सुटलो होतो

२०१९ साली वाहन उद्योगाला मंदीने गाठलं आणि चाकण-भोसरी पट्ट्यात ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कारखाना बंद ठेवणं, सुरू झालं. आमच्या कंपनीत आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग कॉन्ट्रॅक्टची पोरं गेली. पुढचा नंबर क्वालिटी डिपार्टमेंटचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी नोकरी शोधायला लागलो. म्हणजे सेकंड शिफ्टहून आल्यावर मोबाइलवर नोकरी डॉट कॉम उघडायचं आणि ‘क्वालिटी इंजिनीअर, पुणे’ असं दिसेल तिथे अप्लाय दाबायचं. मग ती कंपनी फोर्जिंगची असो की प्लास्टिक मोल्डिंगची, अनुभव दोन वर्षांचा मागितलेला असो की पंधरा वर्षांचा. झोपताना वाटायचं, आज बरंच काम झालं. फोन यायचे ते विमा विकणाऱ्यांचे.

माझा मावसभाऊ एका कारखान्यात एचआरला आहे. त्याने एका रविवारी लॅपटॉपवर पलीकडची बाजू दाखवली. त्याला माणूस हवा असेल तेव्हा तो आलेले अर्ज एकेक करून वाचत बसत नाही. हवे ते शब्द टाकतो, अनुभवाची वर्षं, गाव, नोटीस पिरियड निवडतो आणि अलीकडे प्रोफाइलला हात लावलेली माणसं आधी बघतो. त्याने ‘आयएटीएफ १६९४९’ हे वाहन उद्योगातल्या क्वालिटीचं स्टँडर्ड टाकलं. ढीगभर नावं आली, माझं नाही. माझ्या बायोडाटात अजून ‘टीएस १६९४९’ होतं. २०१६ मध्ये टीएस जाऊन आयएटीएफ आलं. त्याची ऑडिटं मी स्वतः दिली होती, फायली लावत रात्री जागलो होतो. कागदावर मात्र जुनंच राहिलं.

पुढचं तर त्याहून भारी. अपलोड केलेली फाइल हा प्रिंटआउटचा स्कॅन होता. ‘अरे, हा बायोडाटाचा फोटो आहे, यातलं सर्चला काय दिसणार?’ म्हणाला. नोटीस पिरियडपुढे मी अंदाजाने तीन महिने टाकले होते. अपॉइंटमेंट लेटर काढून बघितलं, तर एकच महिना. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, वाचनाची आवड हे सगळं व्यवस्थित होतं. कास्टिंगमधल्या ब्लोहोलचं रिजेक्शन कसं खाली आणलं, त्याची एक ओळ नव्हती. पीपीएपीच्या, म्हणजे पार्ट मंजुरीच्या, फायली मी एकट्याने ग्राहकाकडून मंजूर करून आणल्या होत्या, तेही नव्हतं. ते सगळं त्याच दुपारी वर्डमध्ये नव्याने टाइप केलं. पुढच्या आठवड्यात खरे फोन आले.

फोन आले म्हणून शहाणपण आलं असं नाही. ‘करंट सीटीसी किती?’ असं विचारल्यावर मी हातात पडणारा पगार सांगायचो. कंपनीचा पीएफमधला वाटा, बोनस, काहीच धरायचो नाही. मग त्या कमी आकड्यावर वाढ देऊन समोरचा मोकळा. एका कन्सल्टंटने रजिस्ट्रेशन फी मागितली, तीही देऊन बसलो. धंदा सचोटीने करणारा कन्सल्टंट कंपनीकडून पैसे घेतो, उमेदवाराकडून नाही, हे नंतर कळलं.

सगळ्यात महागात पडला तो संकोच. तळेगाव, रांजणगाव, सणसवाडी, सगळीकडे जुने सहकारी होते. पण ‘याची नोकरी चालली’ ही चर्चा नको म्हणून कुणाला बोललोच नाही. शेवटी एका लग्नात जुना लाइन सुपरवायझर भेटला आणि बोलता बोलता तोंडातून निघून गेलं. तो म्हणाला, ‘साहेब, आमच्याकडे महिनाभर जागा रिकामी आहे, आधी नाही का सांगायचं?’ ती जागा पोर्टलवर कधी आलीच नव्हती.

तिथे निवड झाली आणि जॉइनिंग अडलं ते पीएफवर. आधीच्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख भरलीच नव्हती, त्यामुळे कागदोपत्री मी एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला दिसत होतो. जिथून भांडून निघालो होतो, त्याच एचआरच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं. जानेवारी २०२० पासून ही तारीख स्वतः भरण्याची सोय झाली आहे. नोकरी सोडून दोन महिने झाले की पीएफच्या यूएएन पोर्टलवर ‘मार्क एग्झिट’मध्ये जायचं आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकायचा. सध्या नोकरी बदलायची नसली, तरी सर्व्हिस हिस्टरी उघडून तेवढी तारीख आजच बघून घ्या.