रकबा आणि अहाता

सातवीच्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर दोन आकृत्या काढते. एक मोठा चौकोन आणि शेजारी पुष्कळ लहान चौकोन. क्षेत्रफळाला आमच्या उर्दू पुस्तकात रकबा म्हणतात आणि परिमितीला अहाता. दोन्हीकडचा रकबा सारखा असेल तर अहाताही सारखाच असणार, असं अर्धा वर्ग हात वर करून सांगतो. मी रागावत नाही. हीच चूक मी बी.एड. करत असताना केली होती आणि ती अब्बांच्या गुडघ्याला भोवली.

अब्बा कार्पेटचे कारागीर. १९८६ साली कुवेतला गेले तेव्हा त्यांना होडीची डागडुजी आणि थोडंफार सुतारकाम एवढंच येत होतं. कार्पेट बसवायला ते तिथे शिकले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, आणि हजारो हिंदुस्थानी माणसांबरोबर अब्बाही अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानानं परत आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. दोन वर्षांनी पुन्हा दुबई. २००८ च्या मंदीत तिथली बांधकामं थांबली, कंपनीनं हिशेब केला आणि ते कायमचे रत्नागिरीत आले. येताना पेटीत एकच हत्यार होतं, किकर. एका टोकाला दात, दुसऱ्या टोकाला गादी. दात कार्पेटमध्ये रोवायचे आणि गादीवर गुडघ्यानं ठोसा मारायचा, की कार्पेट भिंतीकडे सरकतं. विमानतळावर कस्टमवाल्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं म्हणे. दुसरं हत्यार, पॉवर स्ट्रेचर, लांब दांड्याचं. ते समोरच्या भिंतीला टेकवून तरफेनं ओढायचं असतं, गुडघ्याला काम नाही. पण ते कंपनीचं होतं, कंपनीकडेच राहिलं.

खरं तर कोकणात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घालणं हाच वेडेपणा. पण तेव्हा हॉटेलवाल्यांना त्याचा शौक होता. पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही म्हणून एसी बंद. चार महिने ओल पिऊन कार्पेट सैल पडतं आणि ऑक्टोबरात त्यावर लाटा उठतात. गिऱ्हाईक अडखळतं. मग कार्पेट पुन्हा ताणायचं.

२००९ च्या दिवाळीआधी शहराबाहेरच्या एका हॉटेलचं असं काम एका फ्लोअरिंगच्या ठेकेदाराकडून अब्बांकडे आलं. एक हॉल, ४० बाय ५४. अठरा खोल्या, प्रत्येकी १० बाय १२. ठेकेदारानं विचारलं, फुटाला किती? अब्बा माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला विचारा, ही मास्तरीण होणार आहे." मी हिशेब केला. हॉल २१६० चौरस फूट. अठरा खोल्या, त्याही २१६०! आकडा असा जुळला की मला आनंदच झाला. दोन्हीला फुटाला ३ रुपये, एकूण १२,९६०, सामानासकट. सायबर कॅफेत जाऊन इंग्रजीत टाईप करून आणलं. अब्बांनी कागद दोन्ही हातांत धरून पाहिला आणि काही न बोलता सही केली.

आता कार्पेट ताणतात कसं, तेही सांगते. भिंतीच्या कडेनं लाकडाच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांना ग्रिपर म्हणतात. त्यातले खिळे भिंतीकडे कललेले. कार्पेट त्यांवरून उचकटायचं, पट्टी कुजली असेल तर बदलायची, ओढून पुन्हा खिळ्यांत अडकवायचं, उरलेलं कापायचं, कड फटीत दाबायची. मधल्या जागेत जवळजवळ काही काम नसतं. सगळं काम कडेला. म्हणजे अहात्याला! हॉलचा अहाता १८८ फूट. एका खोलीचा ४४, अठरा खोल्यांचा ७९२. चौपटीहून जास्त. शिवाय प्रत्येक खोलीत पलंग, कपाट आणि दोन उंबरठे.

हॉल दोन दिवसांत झाला. खोल्यांना नऊ दिवस लागले. अर्धे ग्रिपर ओलीनं कुजले होते, ते मुंबईहून मागवायला ३२०० गेले. हमालाला रोजचे २०० प्रमाणे २२००. जाण्यायेण्याचे ११००. ठेकेदारानं दहा टक्के "तक्रार आली तर" म्हणून मागे ठेवले, ते आजतागायत मागेच आहेत. उरले ५१६४. अब्बा आणि माझा धाकटा भाऊ, दोघांचे अकरा दिवस. माणशी दिवसाला सुमारे २३५ रुपये. वीस-बावीस वर्षांच्या कारागिराला हमालापेक्षा ३५ रुपये जास्त.

आणि गुडघा. सातव्या दिवशी तो नारळाएवढा सुजला. अब्बांनी त्यावर टॉवेल बांधला आणि उरलेल्या खोल्या दुसऱ्या गुडघ्यानं केल्या. अम्मी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. त्यानंतर अब्बांनी जमिनीवर बसून नमाज पढली नाही. मशिदीत शेवटच्या सफेला त्यांची खुर्ची असते.

पुढे माझ्या वाचनात आलं की अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेनं १९९० सालीच याविषयी इशारा दिला होता. कार्पेट बसवणारे तिथल्या कामगारांत एक टक्काही नाहीत, पण गुडघ्याच्या दुखापतीच्या भरपाईचे सहा टक्के दावे त्यांचे. किकर सोडा, पॉवर स्ट्रेचर वापरा, असं त्यात म्हटलं होतं. १९९०! अब्बा तेव्हा अम्मानच्या रांगेत उभे होते.

काही वर्षांपूर्वी अब्बांची वही माझ्या हाती लागली. उर्दूत, उजवीकडून डावीकडे लिहिलेली, आकडे मात्र डावीकडून. दुबईतल्या एकेका खोलीची नोंद. तीन दारं, एक कपाट, पावणेतीन तास. मोठा हॉल, रिकामा, पाच तास. पानामागून पान. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी विचारलं, "अब्बा, मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू टाईप करून आणलं होतंस," ते म्हणाले.

भाऊ आता हाच धंदा करतो. विनाइल, कृत्रिम हिरवळ, मशिदींची कार्पेटं, मिळेल ते. पॉवर स्ट्रेचर त्यानं कर्ज काढून घेतला. गेल्या वर्षी एका ठेकेदाराचं ताणायचं काम आलं तेव्हा भावानं कागद पुन्हा माझ्याकडेच दिला. मी वही समोर ठेवून बसले. भिंतीच्या फुटाचा दर वेगळा. उंबरठ्याचा वेगळा. सामान हलवायचे वेगळे, ग्रिपर लागेल तसे. लहानात लहान खोली असली तरी येण्याची एक किमान रक्कम. यंत्राच्या हप्त्याचा भागही धरला. ठेकेदाराचा फोन आला, "मॅडम, कार्पेटचा भाव भिंतीवर कसा काय? सगळे फुटावर देतात." मी त्याला हॉल आणि अठरा खोल्या समजावल्या, सातवीला सांगते तशा. तो बघतो म्हणाला. आठ दिवस काही नाही. भाऊ माझ्याकडे बघेना.

नवव्या दिवशी फोन आला. कपाटं हॉटेलची माणसं हलवतील, तेवढे पैसे कमी करा, बाकी मंजूर. भावानं लगेच हो म्हटलं. अब्बा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "त्यांच्या माणसांनी कपाट ओढताना कार्पेट फाटलं तर ते कोणाच्या अंगावर? लिहिलंस का?"

लिहिलं नव्हतं. मी पेन शोधायला उठले.