मनीची पाठ

"आई, मला एक मांजर काढून दे ना!"

कणीक मळून झाली होती, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती आणि तिसरीतली आमची लेक चित्रकलेची वही घेऊन ओट्याशी उभी होती. मी हात पदराला पुसले आणि उभ्या उभ्याच मांजर काढून दिलं. एक मोठा गोल, त्यावर छोटा गोल, वर दोन त्रिकोण, तीन-तीन मिशा आणि बाजूला शेपूट. माझ्या आईनं मला असंच शिकवलं होतं. तुम्हालाही कुणीतरी असंच शिकवलं असेल.

लेकीनं वही लांब धरून पाहिली. "ही आपली मनी नाही," ती म्हणाली, "ही कुणाचीच मांजर नाही."

कुकरची शिट्टी झाली, आमटी फोडणीला टाकायची होती, म्हणून तेव्हा विषय तिथंच राहिला. पण ते वाक्य काही माझी पाठ सोडेना. शाळेत असताना मी सरकारी रेखाकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती नि अक्षरलेखन, सगळं करून चांगली 'ब' श्रेणी मिळवली होती. इंटरमिजिएटच्या वर्षी वडिलांची बदली झाली आणि रंगपेटी माळ्यावर गेली ती गेलीच. तरीसुद्धा, एवढी परीक्षा दिलेल्या बाईला घरातलं मांजर काढता येऊ नये? मनी सहा वर्षं आमच्याकडे आहे. पांढरी, काळी आणि तांबूस. असं तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं म्हणे. दिवसातून दहा वेळा ती माझ्या पायात येते, आणि मला तिचा पाय कुठं वाकतो ते सांगता येईना!

दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी आवरली की अर्धा तास बसायचं ठरवलं. साहित्य काही फार लागलं नाही. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, एक फोर-बी पेन्सिल आणि लेकीचा खोडरबर. पहिल्या दिवशी पोळपाटाला कान फुटले. दुसऱ्या दिवशी कोल्हा झाला. आमचे हे म्हणाले, "मोबाइलमधला फोटो बघून काढ की, तो हलत तरी नाही." तेही करून पाहिलं. फोटोवरून काढलेली मनी इस्त्री केल्यासारखी चपटी दिसायची. मग पुन्हा तिच्यासमोरच जाऊन बसले. मांजर दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ झोपतं, तेवढी एक सोय होती.

हळूहळू एकेक चूक कळत गेली. डोळे मी फार वर काढत होते, ते डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. उन्हात बुबुळाची उभी बारीक फट होते, दिवेलागणीला तेच वाटोळं होतं. पुढच्या पंजाला पाच बोटं आणि मागच्याला चारच. सगळ्यात छळलं ते मागच्या पायानं. मला वाटायचं, मांजराचा गुडघा उलटा वाकतो. शेवटी मनीच्या पायावरून बोटं फिरवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. ज्याला मी गुडघा समजत होते, ती तिची टाच! गुडघा वर, पोटाशी लपलेला असतो. मांजर सदा चवड्यांवरच चालतं. पाळण्यातलं मूल नुकतं झोपल्यावर आपण खोलीबाहेर पडतो ना, अगदी तसं.

वाचनालयातल्या एका पुस्तकात लिओनार्दो दा विंचीचं एक पान पाहिलं. १५१९ साली तो वारला, त्याच्या आधीच्या काही वर्षांतलं. एकाच कागदावर कितीतरी मांजरं. झोपलेली, भांडणारी, अंग चाटणारी. आणि मध्येच एक ड्रॅगन! एवढा मोठा माणूसही उतारवयात पुन्हापुन्हा मांजर काढत बसला होता, हे पाहून फार धीर आला.

मनीची झोपायची जागा म्हणजे सासूबाईंच्या कॉटचं पायथं. त्यामुळे माझी बैठकही तिथंच. आठ-दहा दिवस त्या नुसत्या बघत होत्या. मग एकदा म्हणाल्या, "आण बघू इकडे."

चष्मा लावून त्यांनी बराच वेळ कागद पाहिला. "पाठ चुकलीय. तुकड्यातुकड्यानं काढतेस तू. मानेपासून शेपटीपर्यंत एका दमात यायला हवी. आधी पाठ, मग बाकीचं."

'तुम्हाला काय माहीत?' हे अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात आठवलं आणि मी गप्प झाले. मी नवी नवरी असताना चैत्रात सासूबाई अंगणात चैत्रांगण काढायच्या. झोपाळ्यातली गौर, शंख, चक्र, तुळस, कासव, नाग आणि हत्ती. हत्तीची पाठ चिमटीतून एका दमात उतरायची. पुढं त्यांचा हात थरथरू लागला, रांगोळी फिसकटायला लागली. मी बाजारातून रांगोळीचे स्टिकर आणून उंबऱ्याला चिकटवले आणि काम मिटलं असं मानलं. त्यांना काय वाटलं असेल, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मांजराचा पाय न पाहणारी मी, हे तरी कुठं पाहिलं होतं?

मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"माझा हात कुठला चालतोय आता," म्हणत त्यांनी ती घेतली. मनीकडे एकदा पाहिलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत रेघ ओढली. हात थरथरला, रेघही थरथरली. आणि त्या थरथरीनं मनीच्या पाठीवरचे केस जसेच्या तसे उमटले! त्या केसांसाठी मी आठवडाभर बारीक बारीक रेघा मारत होते.

लेकीचा गृहपाठ तोवर केव्हाच तपासून झाला होता. दोन गोलांच्या त्या मांजराला बाईंनी 'छान' दिलं. आमची मनी मात्र कॅलेंडरच्या मागं पूर्ण झाली, पाठ सासूबाईंची आणि बाकीची माझी.

यंदा चैत्रातल्या तृतीयेला मी अंगण सारवलं, म्हणजे फरशीवर गेरू लावला, इतकंच. सासूबाई खुर्चीवर बसून सांगत होत्या, मी काढत होते. गौर झाली, हत्ती झाला. तुळशीपाशी थोडी जागा उरली, तशी लेक म्हणाली, "आजी, इथं मनी काढूया?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चैत्रांगणात मांजर कधी पाहिलं नव्हतं.

"काढा की. घरचीच आहे ती," त्या म्हणाल्या. "पण आधी पाठ."

मी चिमटीत रांगोळी घेतली आणि श्वास रोखला.