आतल्या बाजूचं हाड

हाड कापताना पातं सरळ जात असलं की सॉचा, म्हणजे यांत्रिक करवतीचा, आवाज भरीव येतो. कडक जागा लागली की तो चढतो, किरकिरतो, आणि माझा हात आपसूक सैल पडतो. या कानाचा मला भारी गर्व. आता कानाच्या डॉक्टरांनी आलेख समोर धरलाय: वरच्या पट्टीतलं ऐकू येणं गेलं. मिनिटाला दहा हजारांहून जास्त वेळा थरथरणाऱ्या यंत्राशेजारी जन्म काढल्यावर दुसरं काय होणार!

गेलं ते नेमकं जिथं लागतं तिथलंच. सिंदेवाही, मूल, नागभीडच्या धानपट्ट्यातल्या बाया रोवणीत, कापणीत, मग मोहफुलं वेचण्यात आणि तेंदूपत्त्यात वाकून-बसून गुडघे झिजवतात. ‘एवढा हंगाम निघू द्या जी’ म्हणत वर्षं काढतात. गुडघा बदलायला माझ्याकडे येतात तेव्हा पाय धनुकलीसारखे बाकलेले आणि टिबियाची, म्हणजे नडगीच्या हाडाची, आतली बाजू दगड झालेली. बाहेरच्या बाजूचं हाड इतकं पोकळ की पातं विनातक्रार जातं. आत मात्र टोक वर चढतं. पात्याला दिशा देणाऱ्या जिगचा स्लॉट, म्हणजे साच्याची खाच, पात्याला मुळाशी धरतो. पुढचं टोक मोकळंच. जोर लावला तर ते आणखी वाकतं, आणि तापतं. ४७ अंश सेल्सिअस एक मिनिट टिकले तरी हाडाला इजा होऊ लागते, हे एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन या संशोधकांनी १९८३ मध्येच सशांवर दाखवलं. सलाईनची धार धरा, कडक जागी आधी बारीक ड्रिल मारा, पातं मागं घेत घेत न्या. हे सगळं करूनही काप सपाट आहे का ते बघायला पट्टी ठेवली की ती एका कोपऱ्यावर डुलते. जाड पातं कमी वाकतं, पण स्लॉटमध्ये शिरायला नको का? आणि जुन्या जिगचे स्लॉट तर घासून सैल झालेले.

सिकलसेलच्या पोरांचं दुखणं वेगळं. शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातला सिकलसेल मांडला, तो रक्तातला. आमच्याकडे येतो तो मेलेला खुबा, ऐन विशी-तिशीत. खुब्याच्या हाडाची मान कापायला सॉ पुरतो. पुढं मांडीच्या हाडाची नळीच कडक हाडानं बुजलेली असते. तिथं ड्रिल घेऊन इंचाइंचानं भांडायचं.

आता नागपूरच्या रस्त्यांवर रोबोटचे फलक दिसतात. रोबोट रेषेबाहेर जाणारा सर्जनचा हात अडवतो, हे खरं. पण त्याच्याही तोंडाला बहुधा तेच पातं असतं, आणि कडक हाडावर तेही वाकू शकतं. फलकावर हे कोण लिहिणार? सरकारनं २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. पण पातं धारेचं आहे का, हे रोगी विचारत नाही, डॉक्टर सांगत नाही. पाकिटावर ‘एकदाच वापरा’ छापलेलं असतं आणि तेच पातं ऑटोक्लेव्हमधून पुन्हा ट्रेमध्ये आलेलं मी पाहिलंय.

माझी शिष्या अहेरीकडची. ती आवाजाची वाट पाहत नाही. प्रत्येक गुडघ्याला नवं पातं मागते, आतल्या बाजूला पोचण्याआधी थांबते, टोकाकडं पाहते. मी खर्चाची कुरकुर करतो. खरं तर मला पैशांचं नाही, कानाचं वाईट वाटतं. परवा तिनं कापलेल्या टिबियावर मी पट्टी ठेवली. डुलली नाही. जरा फिरवून पुन्हा ठेवली.

‘सर, सिमेंट कालवायला सांगू?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, थांब, अजून एकदा बघू दे.